‘कमिशन’ लिहिलेली ती चिठ्ठी जपून ठेवा

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. माझी २०१७ ची स्विफ्ट छत्रपती संभाजीनगरच्या एका गाडीबाजारात विकायला ठेवली. ४ लाख १० हजारांच्या खाली द्यायची नाही आणि कमिशन ८ हजार, असं डीलरने स्वतःच्या लेटरपॅडवर लिहून दिलं. आरसी, दोन्ही चाव्या आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्या मी दिल्या. महिन्याभरात गाडी गेली. दीड लाख ऑनलाइन आले, उरलेल्या २ लाख ५२ हजारांचा चेक नऊ दिवसांपूर्वी बाउन्स झाला. बीड जिल्ह्यातला खरेदीदार म्हणतो, मी पूर्ण ४ लाख ५५ हजार डीलरला मोजले. गाडी अजून माझ्याच नावावर आहे, चलानंही मलाच येतात. दुसरी चावी बनवून गाडी उचलून आणू का?

उत्तर: गाडी उचलून आणू नका. आणलीत तर फिर्यादी व्हायचे ते तुम्ही आरोपी व्हाल. आपला माल विकण्यासाठी धंदेवाईक एजंटाच्या ताब्यात आपणच दिला आणि त्याने तो नेहमीच्या धंद्यात, सरळ मनाने घेणाऱ्याला विकला, तर ती विक्री टिकते. मालविक्री कायदा, १९३० चं कलम २७ हेच सांगतं. मोजलेल्या पैशांच्या पावत्या खरेदीदाराकडे असतील तर गाडी त्याची. तुमचं भांडण डीलरशी आहे, आणि त्या भांडणात हा खरेदीदारच तुमचा सगळ्यात कामाचा साक्षीदार आहे. त्याला दुखवू नका.

आता ती चिठ्ठी. उद्या डीलर म्हणेल, ‘गाडी मी यांच्याकडून विकत घेतली होती, थोडे पैसे द्यायचे राहिले.’ हे खपलं तर प्रकरण उधारीचं होतं, आणि पोलिस ‘दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ म्हणून तुम्हाला वाटेला लावतात. ‘कमिशन ८ हजार’ या शब्दांनी तो तुमचा एजंट ठरतो. एजंटाने विक्रीचा पैसा मालकाला द्यायचा असतो आणि हिशेबही द्यायचा असतो (करार कायदा, १८७२, कलमं २१३ व २१८). म्हणजे ४ लाख १० हजारांच्या वरचे ४५ हजारही तुमचेच. कलम २२० प्रमाणे, कामात लबाडी केलेल्या एजंटाला त्या कामाचं कमिशनही मागता येत नाही. मूळ कागद घरात ठेवा, बाहेर फक्त झेरॉक्स द्या. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका आणि तो फोनही विकू नका.

सगळ्यात घाई चेकची. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक बाउन्सच्या) कलम १३८ ची नोटीस गेलीच पाहिजे. तुमच्या हातात एकवीस दिवस उरले आहेत. नोटिशीत मागणी अचूक २ लाख ५२ हजारांचीच ठेवा. ४५ हजार, व्याज, मनस्ताप हे सगळं एकाच आकड्यात घातलं की नोटीस कच्ची पडते. त्या रकमेसाठी वेगळं पत्र लिहा. नोटीस दुकानाच्या आणि घराच्या अशा दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. चेक फर्मच्या नावाचा असेल तर फर्म आणि सही करणारा, दोघांनाही पाठवा. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करायची. तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला आहे, त्यामुळे तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या हद्दीतल्या न्यायालयात खटला चालतो. खातं सेलूला असेल तर हेलपाटे डीलरला पडतील. ‘आठ दिवसांनी परत टाका’ हे त्याचं गोड बोलणं ऐकत बसू नका, मुदती तशाच निघून जातात.

पोलिसांकडे तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, म्हणजे विश्वासघाताची करा. एजंटाने केलेल्या विश्वासघाताला ३१६(५) मध्ये जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘त्याने पहिल्या दिवसापासून फसवायचंच ठरवलं होतं’ असं सोबत लिहायचा मोह टाळा. फसवणुकीत हेतू सुरुवातीपासून वाईट असावा लागतो, विश्वासघातात ठेव आधी प्रामाणिकपणे घेतलेली असते. एकाच गोष्टीवर दोन्ही गुन्हे टिकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

नावाचा घोर मात्र पैशांपेक्षा मोठा आहे. मोटार वाहन कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. उद्या गाडीखाली कोणी आलं, तर भरपाईच्या दाव्यात पहिलं नाव तुमचं असेल. म्हणून विम्याची तारीख आजच बघा. संपत आली असेल तर निदान थर्ड पार्टी विमा तुम्ही स्वतः भरा. गाडी दुसरा फिरवतो आणि विमा मी भरू, हे मनाला पटत नाही, कबूल. पण ते काही हजार रुपये तुम्हाला लाखांच्या दाव्यापासून वाचवतात. फास्टॅग तुमच्या खात्याचा असेल तर बंद करण्याआधी स्टेटमेंट काढून घ्या: गाडी कोणत्या तारखेला कोणत्या टोलनाक्यावरून गेली, हे त्यात येतं. गाडी तुमच्या हातून केव्हा गेली, याचा तो पुरावा.

डीलरला लेखी विचारा: परिवहन विभागाचा अधिकृत डीलर दाखला आहे का, आणि फॉर्म २९सी भरला का? १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची ही ऑनलाइन सूचना गेली, की तोच मालक मानला जातो. ती गेली नसेल, असंच दिसतंय.

मग खरेदीदाराला भेटा. त्याच्याकडून पैसे दिल्याचे पुरावे आणि सहीचं निवेदन घ्या, आणि फॉर्म २९, ३० समोर बसून नव्याने, पूर्ण भरून करा. ‘डीलरकडची माझी बाकी मी सोडलेली नाही’ हे वाक्य त्या कागदावर असू द्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागेल. पावत्या दाखवायलाच तो कचरत असेल तर नाव बदलायचं थांबा, तेव्हा चित्र वेगळं असू शकतं.

कमिशन देऊन सेवा घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहकही आहात. परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतो.

नोटीस गेली की डीलर बहुधा तडजोडीला येईल. येऊ द्या. बोलायला बसा. पण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय मूळ चेक परत देऊ नका, आणि ‘सर्व हिशेब पूर्ण’ असं लिहिलेल्या कागदावर हप्त्यांच्या भरवशावर सही करू नका.