काका, पगाराआधी माणसं मोजा

काका, अमेरिकन नागरिक असलेला तुमचा मुलगा तुम्हा दोघांना ग्रीनकार्डसाठी स्पॉन्सर करतोय, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी देतोय. तेव्हा त्याला पगार विचारण्याआधी माणसं मोजा. तो, सून, नातू आणि तुम्ही दोघं, म्हणजे पाच. २०२५च्या तक्त्यात पाच जणांना वर्षाला ४७,०६२ डॉलर उत्पन्न लागत होतं (अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के). घोळ होतो तो इथेच: लोक फक्त येणारी माणसं मोजतात.

तुमची फाइल वेगळी, काकूंची वेगळी. आय-८६४, म्हणजे मुलाने भरायच्या आर्थिक हमीचे फॉर्मही दोन. सोबत ताज्या वर्षाचं आयआरएस (अमेरिकी कर खातं) ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे मुलाच्या कर विवरणपत्राचा उतारा.

पगार कमी पडला तर मालमत्ता दाखवता येते, पण आई-वडिलांसाठी तुटीच्या पाचपट. सात हजार कमी पडले तर पस्तीस हजार. जुळे सोलापुरातलं घर चालेल, मात्र कर्ज वजा करून, मालकीचे कागद आणि व्हॅल्युएशन जोडून. वर्षभरात विकून पैसे हातात येतील असं दिसलं पाहिजे. भावांसोबत सामाईक सातबारा असलेली जमीन त्यात घालू नका, अडकाल.

नाहीतर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे मुलासोबत हमी देणारा दुसरा माणूस. तो नातेवाईकच हवा असं नाही, पण अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा. एच-वन-बीवरचा (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरचा) पुतण्या कितीही कमावता असला तरी चालत नाही.