मेथी आणि जास्वंदीला एकाच मापाने पाणी-खत घातलं तर चालेल का?

नाही चालणार. तुमच्या नाशिकच्या गच्चीवर दोन्ही कुंड्या शेजारी असल्या, तरी मेथी महिन्याभराची पाहुणी आहे आणि जास्वंद वर्षानुवर्षांची सोबतीण.

मेथीची मुळं वरच्या थरात असतात, म्हणून थोडं थोडं पण नियमित पाणी द्या. ती कडधान्यांच्या कुळातली आहे, मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र (नायट्रोजन) मिळवते. पेरताना मातीत कुजलेलं शेणखत मिसळलंत की पुरे. २५-३० दिवसांत जुडी काढा, उशीर केलात तर फुलावर येऊन पानं कडवट होतात. आपल्याकडची थंडी तिला फार मानवते, मे महिन्यात मात्र हट्ट करू नका.

जास्वंदीचं नेमकं उलटं. निफाडकडून गार वारे यायला लागले की तिची वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करा. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच, पण कुंडीच्या तळातून निथळेल इतकं घाला. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस न घाबरता छाटणी करा. नत्राचं खत जास्त झालं तर नुसती पानं माजतात.

सगळ्यात जपायचं ते फवारणीला. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, येतोच. त्यावर कुठलंही रासायनिक औषध मारणार असाल तर मेथीची कुंडी आधी लांब न्या, ती आपल्या ताटात येणार आहे. मी तर निंबोळी तेलच वापरते, लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी.