वाचक विचारतात : कडक जमीन, थोडा पाऊस आणि झाई खड्डे

प्रश्न : भाचा बुर्किना फासोच्या उत्तर भागात एका संस्थेतर्फे शेतीविकासाच्या कामाला जातो आहे. पाऊस तीन-चार महिनेच, जमीन कडक. बोअर आणि पंपांसाठी निधी मागावा असं त्याच्या मनात आहे. सुरुवात कशाने करावी? (लातूर)

उत्तर : पंप तूर्त बाजूला ठेवावा. वाहिगुया शहराभोवतीच्या यातेंगा भागात पाऊस पडतो, पण मुरत नाही. उघड्या जमिनीवर पोपडा धरतो आणि पाणी वरच्यावर निघून जातं. त्यावर तिथले शेतकरी ‘झाई’ खड्डे घेतात, म्हणजे पाणी आणि खत धरून ठेवणारे छोटे खड्डे, आणि पेरणी त्यांतच करतात. पद्धत जुनीच, पण याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने 1980 च्या सुमारास खड्डे मोठे केले आणि त्यांत खत भरायला सुरुवात केली. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

खड्डा 20 ते 40 सेंमी रुंद आणि 15 ते 20 सेंमी खोल घ्यावा. दोन खड्ड्यांत 80 सेंमी अंतर धरलं, तर हेक्टरी साधारण साडेपंधरा हजार खड्डे होतात. ओळी एकाआड एक सरकवाव्यात, म्हणजे वरच्या दोन खड्ड्यांमधून निसटलेलं पाणी खालच्यात अडतं. निघालेली माती उताराच्या बाजूला अर्धचंद्रासारखी लावावी. ती वरच्या बाजूला टाकली की पाणी खड्ड्यात शिरतच नाही. नवख्यांकडून हे हमखास होतं.

खोदाई उन्हाळ्यातच उरकावी. कोरड्या वाऱ्याने पालापाचोळा खड्ड्यांत साठतो आणि खत टाकलं की वाळवी येते. तिला मारायचं नाही. तिने पोखरलेल्या बिळांतूनच पाणी खाली उतरतं. खड्ड्यामागे दोन ओंजळी, म्हणजे 300 ग्रॅम धरलं तरी हेक्टरी पावणेपाच टन कुजलेलं शेणखत लागतं. ताजं शेण घातलं तर रोपं करपतात. खड्ड्यात ज्वारीचे आठ-दहा दाणे टाकून नंतर तीन-चार रोपं ठेवावीत. खड्ड्यात पाणी तुंबलं तर बाजरी पिवळी पडते, ज्वारी त्यामानाने तग धरते. वाळूच्या जमिनीत हे काम करूच नये, खड्डे पहिल्याच सरीत बुजतात.

हेक्टरभर खोदायला एका माणसाचे दीड-दोन महिने जातात. हात गावात आहेत, खत आणि वाहतूक मात्र कमी पडते. निधी मागायचाच तर कुदळी, बैलगाड्या किंवा गाढवगाड्या आणि शेणखत कुजवायच्या खड्ड्यांसाठी मागावा.

प्रश्न : त्याच भागात दगडी बांधही घालतात ना? समपातळी कशी काढतात?

उत्तर : हो, आणि झाईच्या आधी तेच घालावेत. वरून लोंढा आला तर खड्डे धुऊन जातात. बांधाची समपातळी रेषा आखायला आपले गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते : 10 ते 20 मीटर पारदर्शक नळी आणि खुणा केलेल्या दोन काठ्या. नळीत बुडबुडा राहिला की रेषा चुकते. चुकलेल्या रेषेत पाणी सखल जागी गोळा होऊन तिथेच बांध फोडतं, आणि घळ पडते. 5-10 सेंमी चर काढून मोठे दगड त्यात रोवावेत, वरच्या अंगाला बारीक दगड ठासावेत, उंची 20-30 सेंमी ठेवावी. टोकं चढाकडे वळवावीत. बांध पाणी पूर्ण अडवत नाही, त्याचा वेग मोडतो. म्हणून फटी सिमेंटने बुजवू नयेत. लांबून दगड आणायला लॉरी लागते आणि खरा खर्च तिचाच असतो.

प्रश्न : अशा जमिनीत झाडं लावली तर जगतील का? (सांगली)

उत्तर : लावलेली बरीचशी मरतात. आधी खुंट शोधावेत. शेजारच्या नायजरमध्ये, मराडी भागात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी 1983 च्या सुमारास हेच सुरू केलं. शेतात तोडलेल्या झाडांची मुळं जिवंत असतात आणि दर पावसाळ्यात फुटवे येतात, पण शेतकरी ते साफ करून टाकतात. प्रत्येक खुंटावर तीन ते पाच सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे कोयत्याने काढावेत. ठेवलेल्यांच्या खालच्या अर्ध्या भागातल्या फांद्या छाटाव्यात. घाव खालून वर घालावा, म्हणजे साल सोलवटत नाही. नायजरच्या दक्षिण भागात सुमारे 50 लाख हेक्टरांवर अशी झाडं उभी राहिली. झाड सरकारचं, तोडलं तर दंड, अशी समजूत होती तोवर कुणी फुटवे राखत नव्हतं. आपण राखलेलं झाड आपलं, अशी खात्री पटल्यावरच काम पसरलं. लातूरच्या वाचकाच्या भाच्याने फुटवे निवडायला बसण्याआधी गावच्या मुखियाशी आणि वनखात्याशी झाडाच्या मालकीचं बोलून घ्यावं. चरायला येणाऱ्या फुलानी पशुपालकांनाही त्या बैठकीला बोलवावं. नाहीतर कोवळे फुटवे त्यांच्या शेळ्याच खातील.