उलटी झाली की डोकं उतरतं, मग हे पित्त की मायग्रेन?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातून तीन-चारदा डोकं ठणकतं, उलटी झाली की बरं वाटतं आणि म्हणून सासूबाई पित्तच म्हणतात. मला मात्र त्या उलटीमुळेच मायग्रेनची शंका जास्त येते. मायग्रेनच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, मळमळतं, शेवटी उलटी होते आणि बऱ्याच जणांचं दुखणं त्यानंतर ओसरायला लागतं. सुरुवात डोक्यात झालेली असते, पोट मागाहून त्यात ओढलं जातं.

पित्ताचा हा वाद आमच्या घरातही वर्षानुवर्षं चालला, थोरल्या वहिनींवरून. घर शहराच्या पूर्व भागात, भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. संकष्टीला हमखास त्यांचं डोकं धरायचं. पण नीट पाहिलं तर सुरुवात आदल्या दिवशीच व्हायची: एकामागून एक जांभया, मान आखडलेली, विनाकारण चिडचिड, गोड खावंसं वाटणं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात काही नाही, त्यात एप्रिलचं ऊन. मग नजरेच्या एका कडेला चमकती नागमोडी रेघ दिसायची. ती हळूहळू पसरायची, वीसेक मिनिटांत विरायची आणि त्यानंतर डावं कानशील ठोके पडल्यासारखं उडायला लागायचं. जिना चढलं, खाली वाकलं की कळ दुप्पट. एरवी मागांची खटखट त्यांच्या कानावरही येत नसे, पण त्या दिवशी ती सहन होत नसे. फोडणीचा, उदबत्तीचा वासही नको. दार-खिडक्या लावून अंधारात पडून राहायच्या. चंद्रोदयापर्यंत उपास काही सुटत नसे आणि घरचे थंड दूध नि पित्ताची गोळी पुढे करायचे. दुसरा दिवस अंगातलं त्राण गेल्यासारखा.

यातलं सगळं प्रत्येकाला होत नाही. ती चमकती रेघ, म्हणजे ऑरा, साधारण चारातल्या एकाला दिसते; काहींना त्याऐवजी हाताला, ओठांना मुंग्या येतात. तुम्हाला तसं काही होत नसलं तरी मायग्रेन असू शकतं. दुखणं एकाच बाजूला हवं असंही नाही, पुष्कळांचं दोन्हीकडे दुखतं.

स्वतःला तीन गोष्टी विचारा. दुखताना मळमळतं का? उजेड एरवीपेक्षा जास्त खुपतो का? गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस तरी काम टाकून पडावं लागलं का? दोन उत्तरं हो आली तर मायग्रेनची शक्यता बरीच आहे. गोळी न घेता झटका ४ ते ७२ तास चालतो. डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखतं, पण चालता-फिरता येतं, उलटी होत नाही, तर ती बहुधा ताणाची डोकेदुखी. आणि नाक चोंदलं, डोळ्यांतून पाणी आलं म्हणून लगेच सायनस समजू नका. मायग्रेनमध्येही ते होतं. सायनसच्या जंतुसंसर्गात बहुतेकदा घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, तापही येऊ शकतो.

सासूबाईंना सांगा की उपाशी राहण्यानं झटका येतो, हे खरंच आहे. पित्त वाढतं म्हणून नव्हे, अशा माणसाच्या मेंदूला जेवणाची, झोपेची वेळ चुकलेली सोसत नाही म्हणून. ज्या सुनेचं डोकं दर संकष्टीला फुटतं तिला उपास करायला लावणं हा हट्ट आहे, त्यात भक्ती नाही. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतही झटका यायची शक्यता जास्त असते, त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना तीच नोंद सगळ्यात उपयोगी पडते.

गोळी घ्यायची तर दुखणं सुरू होताच. उशीर केला तर मंदावलेल्या जठरातून ती लवकर पुढे जात नाही. पण साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान (मायग्रेनसाठीचं खास औषध) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीमुळेच जवळजवळ रोज डोकं दुखायला लागू शकतं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, तापासोबत मान ताठ होणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं: यात अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका, थेट सिव्हिल गाठा. लकव्यात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. उन्हातून आल्यावर अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात, त्यातही थांबायचं नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं किंवा गरोदरपणात नव्यानं सुरू झालं तर तपासणी टाळू नका. आणि ऑरा दिसत असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, लकव्याचा धोका वाढतो.