‘परस्परांची ओझी वाहा’ हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रत्यक्ष कसं करायचं?

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं हे वचन (६:२) पाळायचं तर बायबलमधलंच ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय ६ आधी वाचा. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडलेल्या शिष्यांनी, ती दाबली नाही. या कामासाठी सात माणसं नेमली. सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा दुर्लक्षित गटातल्यांच्याच हाती वाटप दिलं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

तुमच्याकडेही हेच करा. एका गरजू कुटुंबामागे दोन माणसं ठरवा. एकटा माणूस थकतो आणि मदत मध्येच तुटते. काय हवं ते घरी जाऊन विचारा: फी, औषधं, की दवाखान्यात रात्री बसायला कुणीतरी? उपासनेत नाव घेऊन मदत जाहीर करू नका. लाजेपायी ते कुटुंब यायचंच बंद होतं. नव्या माणसाला कपडे बघून जागा देऊ नका. याकोबाच्या पत्रात (२:२-४) नेमकं यावरच खडसावलं आहे.

धान्य दिलं की काम संपलं, असं मात्र नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना शिक्षण, विणकाम, शेती, छपाईही शिकवली. मदत सुरू करतानाच पुढच्या कमाईचं बोलून ठेवा. आणि चर्चला येण्याची अट कधीच घालू नका. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने (परक्या जमातीच्या माणसाने) वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करताना धर्म विचारला नव्हता.