कोल्हापुरात ॲनिमे फॅन व्हिडिओंची (चाहत्यांनी जपानी ॲनिमेशनमधली दृश्यं गाण्यावर जोडून केलेले व्हिडिओ) स्पर्धा घेतोय. टाळ्यांवर निकाल द्यावा का?

मुख्य निकाल तरी नको. विनोदी व्हिडिओला हशा लगेच मिळतो, 'नारुटो'सारखी गाजलेली मालिका दिसली की पहिल्याच फ्रेमला शिट्ट्या पडतात. भावनिक व्हिडिओ संपल्यावर मात्र हॉल क्षणभर गप्प होतो, तीही दादच असते. शिवाय जास्त पोरं घेऊन येणारा जिंकतो.

परीक्षकांना व्हिडिओ आठवडाभर आधी द्या, स्पर्धकाचं नाव काढून, प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने. हेडफोन लावून दोनदा बघू देत. कट तालावर बसलाय का, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो किंवा खाली अर्धवट सबटायटल राहिलंय का, हे भरलेल्या हॉलमध्ये कळत नाही. सगळ्यांचा आवाज आधी एका पातळीवर आणा (-१४ एलयूएफएस चालेल; एलयूएफएस म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी मोजायचं एकक), नाहीतर मोठ्या आवाजाचाच व्हिडिओ भारी वाटतो. प्रेक्षकांचं बक्षीस जरूर ठेवा, पण वेगळं, आणि चिठ्ठ्या शेवटचा व्हिडिओ संपल्यावरच वाटा.