अँटिबायोटिक लघवीतून जातं ना, मग पित्ताशयात खडे कसे दिसले?

तुम्ही विचारलंय की टायफॉइडसाठी मुलाला सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं दिली, पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे निघाले. हे औषधामुळे असेल का? असू शकतं. मी फोंड्याला फार्मसी चालवतो, आणि हाच प्रकार माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलाय.

‘पित्त उठलं’ म्हणून आपण सोलकढी पितो, ते पित्त इथे नाही. हे यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा-पाऊण लिटर, आणि आतड्यात उतरतं. जेंटामायसिनसारखी औषधं जवळजवळ सगळी मूत्रपिंडातून जातात. पण औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेलं असेल तर मूत्रपिंडाची गाळणी ते सहज सोडत नाही. तिथे यकृत कामाला येतं. त्याच्या पेशी औषध रक्तातून आत ओढतात आणि दुसऱ्या बाजूच्या बारीक पित्तवाहिनीत ढकलतात. नुसतं झिरपणं नव्हे हे. पेशीच्या भिंतीतले पंप ऊर्जा खर्चून, पलीकडे आधीच भरपूर असलं तरी आणखी कोंबत राहतात. अझिथ्रोमायसिन आणि रिफाम्पिसिन मुख्यतः याच वाटेने जातात. (रिफाम्पिसिनचा थोडा भाग लघवीत उतरतो, तेवढ्यानेही ती केशरी होते. ‘रक्त जातंय’ म्हणून घाबरून आलेले लोक मी काउंटरवर कितीदा शांत केलेत.)

सेफ्ट्रिॲक्सोन साधारण निम्मं लघवीतून, उरलेलं पित्तातून जातं. त्यात पित्ताशय पाणी शोषून पित्त घट्ट करतं, सूर (माडाचा गोड रस) आटवून माडाचा गूळ करतात तसं, फक्त चुलीशिवाय. तिथे औषध कॅल्शियमला भेटलं की क्षार होऊन खाली बसतो आणि सोनोग्राफीत हुबेहूब खड्यासारखा दिसतो. मुलांमध्ये आणि मोठ्या डोसवर हे जास्त आढळतं.

भाच्याच्या वेळी घरात ऑपरेशनची भाषा सुरू झाली होती. बहीण रडकुंडीला आलेली. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, इंजेक्शनचा कोर्स संपला, आणि काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तर पित्ताशय स्वच्छ!

तुमच्याकडेही तसंच असेल असं मी इथून सांगू शकत नाही, आणि इंजेक्शन अजून चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला किंवा दुखणं वाढलं तर लगेच दाखवा. नाहीतर पुढच्या खेपेला रिपोर्टसोबत इंजेक्शनचं नाव, डोस आणि किती दिवस दिलं ते चिठ्ठीवर लिहून न्या. सोनोग्राफी करणाऱ्याला बहुतेक वेळा हे कुणी सांगितलेलंच नसतं.